ज्या भाषेत ह नाही

दम्माम, शुक्रवार, ६ सप्टेंबर २०१३

नूरीच्या अब्बांना उझमाचा सलाम.

तीन दिवस मला झोप नाही. का ते लिहिते. मंगळवारी तुमच्या कझाकस्तानच्या मोबाईलला फोन लावला तर बाईनं उचलला. आवाज गोड. घाई अजिबात नाही. मी विचारलं, तू कोण? ती तिच्या भाषेत बोलतच राहिली. मी म्हटलं, त्यांच्याकडं फोन दे. ती बोलतच. मी ठेवला, परत लावला, परत तीच. तिसऱ्यांदा मी तिला जे बोलले ते लिहीत नाही. आमच्या अम्मीनं ऐकलं असतं तर तोंडात मिरची भरली असती. बाई एका शब्दानं चिडली नाही. परत तेच बोलली, तेवढ्याच गोड आवाजात. मला वाटलं, काय निगरगट्ट आहे.

दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. काल समोरच्या दारातल्या दिलबर आपाला सांगितलं. तुमचं काम तिच्याच नवऱ्यानं, रुस्तमभाईनं लावलेलं, ती स्वतः उझबेक, तिकडच्या बाया कशा असतात ते तिलाच माहीत असणार. तिनं फोन कानाला लावला आणि हसत हसत फरशीवर बसली. तिचं हिंदी तुम्ही ऐकलंय, सगळं सिनेमातलं. म्हणाली, "पगली, ये तेरी सौतन नहीं, मशीन है!" फोन बंद आहे, नंतर लावा, एवढंच ती बाई सांगते. रशियात तीच, कझाकस्तानात तीच, आपाच्या उझबेकिस्तानातही तीच. "बाईस साल हो गए मुल्क टूटके. झंडा अलग, नोट अलग, पुलिस अलग. ये औरत अभी तक एक है."

मीपण हसले. पण झोप काही आली नाही. बाई असती तर तुम्ही कुठं आहात ते तरी कळलं असतं.

इकडचं सांगते. नूरीला वरचे दोन दात आले. तुमच्या कफीलनं, त्या मालकानं, दुकानावर सौदी माणूस ठेवला नाही म्हणून दुकान लाल यादीत गेलं ते गेलंच. कुणाचा इकामा, इथं राहायचा परवाना, नवीन झाला नाही. आपला ईदच्या दुसऱ्या दिवशी संपला. तुमच्या इकाम्यावर मी नि नूरी, त्यामुळं आमचाही संपला. सरकारनं सूट दिली आहे. तीन नोव्हेंबरच्या आत जो देश सोडेल त्याला दंड नाही, कैद नाही. नंतर पकडणार. बिल्डिंगमधली आपल्या कोकणातली दोन घरं होती, दोन्ही गेली. शरफुन्निसा चाची जाताना कढीपत्त्याची कुंडी आपल्या दारात ठेवून गेली. म्हणाली, नवरा आला की तुम्हीपण निघा, हे कुणाच्या बापाचं नाही.

मी खाली उतरत नाही. दूध आपा आणून देते. वीस ऑगस्टपासून तुमचा फोन बंद आहे. रुस्तमभाई उद्या तिकडं जातो, पंधरा दिवसांनी येईल. हे पत्र त्याच्याकडं देते. भेटलात की त्याच्याच फोनवरून बोला.

रविवार, २२ सप्टेंबर

रुस्तमभाई आला. पत्र जसं दिलं तसंच परत आणलं. तुमच्या कॅम्पातल्या ऑफिसवाल्यानं सांगितलं, तो दुसऱ्या साईटवर आहे. कुठं, तर स्टेपमध्ये. स्टेप म्हणजे काय, तर आपानं दोन्ही हात लांब केले. काही नाही, गवत. इथं वाळू, तुमच्याकडं गवत.

त्याच पत्राला हे जोडते. पुढच्या खेपेला एकदम देईन.

दुपारी आपाकडं बसते. ती भाजी चिरते, मी नूरीला भरवते. तिच्या तोंडून तिच्या मुलखाचं ऐकते नि तुम्ही फोनवर सांगायचात ते त्याला लावून बघते. तुम्ही म्हणाला होतात, इथले लोक सलाम करतात, जेवण झालं की हात वर करून आमीन म्हणतात नि मग बाटली काढतात. आपा म्हणते, त्यांना नावं ठेवू नको. सत्तर वर्षं नमाज चोरून पढली. तिच्या दादीनं तिला पडदे ओढून शिकवली, शाळेत सांगू नको म्हणाली. नंतर देश वेगळा झाला, मशिदी उघडल्या, मग परत दाढीवाल्या पोरांची यादी व्हायला लागली. आपा म्हणते, "वहाँ नमाज पढ़ने के लिए छुपते थे. यहाँ दुकान में अजान हो जाए, तो न पढ़ने के लिए छुपते हैं."

मला हसू आलं. मग वाटलं, भिंतीला कान असतील. इथं पण वाटतं. तिला तर जन्मभर वाटत आलं. राष्ट्राध्यक्षाचं नाव घ्यायचं तर ती नळ सोडते. इथं, दम्मामात. मी म्हटलं, आपा, इथं कोण ऐकतंय? म्हणाली, आदत.

मी विचारलं, तुमच्याकडं निवडणूक होते का? होते की. तिचे सासरे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन जायचे नि सगळ्यांची मतं देऊन यायचे. परत येताना बिस्किटं आणायचे. निवडून कोण येतं? ती म्हणाली, बिस्किटं दरवेळी वेगळी.

आपाच्या सासूचं म्हणाल तर ती जुन्या राज्यासाठी अजून रडते. तेव्हा भाकरी होती, दवाखाना होता, फक्त बोलायचं नव्हतं. आता बोलायचं तर नाहीच. आणि सप्टेंबर आला की कापूस. मास्तर, नर्सा, कॉलेजातली पोरं, सगळी सरकारच्या शेतावर वेचायला. आपानं पण वेचलाय. हाताची बोटं दाखवली. आपल्याकडं भातकापणीला शाळा ओस पडते तसं म्हटलं, तर ती म्हणाली, तुझं भात तुझ्या घरात जातं ना?

अजून एक गंमत. तिच्या घरात दादीची अक्षरं अरबी, तिची स्वतःची रशियन, मुलीची इंग्लिशसारखी. राज्य बदललं की अक्षरं बदलतात. मुलगी ताश्कंदला आजीकडं शिकते, आईचं पत्र तिला अडखळत वाचता येतं. दादीनं लिहिलेला एक कागद होता. घरात कुणालाच वाचता येईना. दुआ असणार म्हणून आपानं ताईत करून गळ्यात घातला. वीस वर्षं घातला. इथं आल्यावर खालच्या यमनी बाईला दाखवला. ती बाई अक्षरं लावत गेली नि आपाला शब्द कळत गेले. गाजर. मीठ. लसूण. लोणचं होतं.

"फिर?" मी विचारलं. म्हणाली, "फिर क्या, बनाया. अच्छा बना."

तिला मी माझी भीती सांगितली, इकाम्याची. ती घाबरतच नाही. तिच्या देशात राजधानीत राहायला आपल्याच माणसांना शिक्का लागतो. प्रोपिस्का म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे इकामाच की, कफील कोण? म्हणाली, सरकारच कफील. देशाबाहेर जायचं तर परत वेगळी परवानगी. मी म्हटलं, एक्झिट? हो, एक्झिट. "मैं तो एक्झिट माँगते माँगते जवान हुई."

तुम्ही पण मे महिन्यात गेल्या गेल्या म्हणाला होतात, तिथले पोरगे विचारतात परदेशी माणसं कशाला आणली, आम्हाला द्या नोकऱ्या. म्हणजे एका ठिकाणी सौदींना जागा करून दिली नि दुसऱ्या ठिकाणी कझाकांची जागा अडवली. तेव्हा आपण दोघं हसलो होतो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज बाहेर पडले. आपा बरोबर होती.

इथल्या शाळेच्या हॉलमध्ये आपल्या देशाच्या लोकांसाठी टेबलं मांडली आहेत. ज्यांच्याकडं पासपोर्ट नाही त्यांना घरी जायला पांढरा कागद करून देतात. माझा पासपोर्ट आहे, नूरीचा झालाच नाही. तिचा जन्माचा दाखला घेतला, तुम्ही जुलैमध्ये नोटरीकडून करून पाठवलेला संमतीचा कागद घेतला, आणि तीन तास रांगेत उभी राहिले. नूरी एका पंजाबी माणसाच्या पगडीकडं बघत शांत राहिली.

टेबलावर मल्याळी माणूस. दाखला बघितला. विचारलं, पति का नाम? मी म्हटलं, नूरी के अब्बा. तो म्हणाला, हाँ, मगर नाम? तुम्हाला माहीत आहे, मी आजवर तोंडानं घेतलं नाही. आमच्यात अम्मीनं घेतलं नाही, दादीनं घेतलं नाही. मी दाखल्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, मुँह से बोलो, रूल है. मी बोलले. जोर से, म्हणाला. मी जोरात बोलले, हम्माद. असं वाटलं की सगळा हॉल ऐकतोय.

मग त्यानं तुमचा कागद उलटा केला, इंग्लिशमध्ये केलेला तर्जुमा वाचला. "यहाँ तो गम्माद लिखा है. बहन, बच्ची के दो बाप हैं क्या?"

मागची रांग हसली. मी पण काय करणार, उभी राहिले.

आपा पुढं झाली. म्हणाली, भाईसाहब, रूसी भाषा में ह नहीं होता. कुणी त्या जागी ग लिहितं, कुणी ख. आपका हिमालय भी वहाँ गिमालय है. तो म्हणाला, "मॅडम, हिमालय का पासपोर्ट नहीं बनाना है."

वाईट नव्हता माणूस. पाणी दिलं. म्हणाला, दोन वाटा आहेत. नवऱ्याकडून बरोबर नावाचा नवा कागद मागव. नाहीतर तुझ्या रक्ताचं कुणी, बाप नाहीतर भाऊ, ज्याचा इकामा चालू आहे, त्यानं इथं येऊन जबाबदारीची सही करायची आणि तुला नि पोरीला तरहीलला, म्हणजे देशाबाहेर पाठवायच्या ऑफिसात, घेऊन जायचं. "भाई है इधर?"

मी म्हटलं, नाही.

असं का म्हटलं ते नंतर लिहीन.

सोमवार, २१ ऑक्टोबर

ईद झाली. आपानं पुलाव आणला, आम्ही दोघींनी खाल्ला.

रुस्तमभाई काल आला, पाकीट परत घेऊनच. यावेळी तुमच्या मेसमध्ये तुमच्याबरोबर काम करणारे गुणाजीभाऊ त्याला भेटले. ऑफिसवाला साईट साईट करत होता ते खोटं. तुम्ही वीस ऑगस्टला औषध आणायला गावात गेलात. रस्त्यात पोलिसांची तपासणी झाली. पासपोर्टच्या तर्जुम्यावर तुमचं नाव ख नं, नोंदणीच्या कार्डावर ग नं. ते म्हणाले, ही दोन माणसं आहेत, त्यातला तू कोण? परदेशी लोकांना ठेवतात तिथं ठेवलंय. मारलं-बिरलं नाही, जेवण देतात, फोन काढून घेतला. गुणाजीभाऊ एकदा बिस्किटं देऊन आले. तिथून सरळ मुंबईला पाठवणार. कधी ते माहीत नाही. इकडं परत येणं आता नाही.

आता मी लिहिते ते नीट वाचा. ते कार्ड मी घडवलं.

मे महिन्यात तुमच्या नोकरीचा फॉर्म आला तो रशियन भाषेत होता. रुस्तमभाई नव्हता, तुम्ही दुकानाच्या चाव्या द्यायला गेलेले, पासपोर्ट कफीलच्या कपाटात. आपा आपल्या ओट्याशी फॉर्म भरायला बसली. मला म्हणाली, शौहर का नाम एक बार बोल, ह हलका है या भारी, उस हिसाब से लिखूँगी. मी ओढणी तोंडाला लावली. म्हटलं, आप जानती हो ना. तिनं जिन्यातून चाचीची हाक ऐकलेली, तेवढ्यावर ग लिहिलं. हसत होतो आम्ही दोघी. ती म्हणाली, कैसी दुल्हन है, बच्ची हो गई फिर भी शरमाती है.

पुढं तिथं त्या फॉर्मवरून तुमचं कार्ड झालं, आणि पासपोर्टावरून दुसऱ्या कुणी ख लिहिलं. आपाला मी दोष देत नाही. तिनं विचारलं होतं. तुम्हाला जायचंही नव्हतं. तुम्ही म्हणत होतात, गावाला जाऊ, जमेल तसं बघू. मीच तुम्हाला धाडलं.

दिवस तेरा राहिले.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

हे पान नूरीच्या अब्बांसाठी नाही.

दादा, भाऊ, जे कोणी असाल. रुस्तमभाई मराठी वाचत नाही, तो हे पाकीट तुमच्या मेसच्या टेबलावर ठेवणार आहे. गुणाजीभाऊ असाल तर बरंच. पण त्यांची बॅच या महिन्यात परत पाठवणार असं ऐकलं, लोकल माणसं घ्यायची म्हणून. ते नसतील तर तिथं रत्नागिरी-रायगडचा जो असेल त्यानं वाचावं. पहिली पानं वाचली असतील तर वाचली. लाज वाटायचे दिवस गेले.

मी उझमा, हम्मादची बायको, म्हसळ्याची. चौथीपर्यंत शिकले. पोरगी वर्षाची झाली. इकामा नाही. टेबलावर मी भाऊ नाही म्हटलं, पण भाऊ आहे. मोहियुद्दीन. मदिनेला हाजी लोकांच्या हॉटेलात आहे, आठ वर्षं. इकामा चालू आहे.

एप्रिलमध्ये दुकान लाल झालं तेव्हा त्याचा फोन आला. नूरीचे अब्बा अंघोळीला गेलेले, मी उचलला. तो म्हणाला, हम्मादला सांग, माझ्या हॉटेलात माणूस पाहिजे, मॅनेजरशी बोललोय. फॅमिलीची जागा नाही, तू नि पोरगी गावाला जा, वर्षभरात बघू. मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. मला सासूच्या हाताखाली जायचं नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षं राहिले, पुरे झाली होती. दुसऱ्या दिवशी परत त्याचा फोन. काय म्हणाला हम्माद? मला काही सुचेना. माझ्या तोंडून गेलं, ते म्हणतात, मेहुण्याच्या हाताखाली पाणी भरायला मी जन्मलो नाही.

भाऊ मग म्हणाला, "असं म्हणाला? ठीक आहे. खलास." आणि ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी कझाकस्तानचं काढलं. हम्मादना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, मेहुणा असाच, फोन न करणारा.

आता माझा आवाज ऐकला की तो ठेवतो. मराठीत मेसेज पाठवला तर त्याच्या फोनात नुसते चौकोन दिसतात, इंग्लिश अक्षरं मला जुळवता येत नाहीत. परवा आपानं लावून बघितला. म्हणाली, "मोहियुद्दीन भैया, आप की बहन मौत और ज़िंदगी के बीच खड़ी है." तो म्हणाला, राँग नंबर. त्याची चूक नाही, असा फोन आला तर मीही ठेवला असता. कालपासून माझं सिमही बंद झालं.

आपाला खरं काय ते मी सांगितलेलं नाही. तिच्यासमोर रोज बसायचं असतं. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, तुम्हाला सांगता येतं.

रुस्तमभाई उद्या निघतो, परवा तिकडं पोचेल. म्हणजे तुमच्या हातात हे येईल तेव्हा आठ दिवस असतील. मदिनेहून दम्मामला यायला एक दिवस लागतो, टेबलावर एक, तरहीलला दोन-तीन धरले आहेत. हजचं काम संपत आलंय, मनात आणलं तर त्याला सुट्टी मिळते. नाही आला तर तीन तारखेनंतर मला नि नूरीला नेतील तिथं जावं लागेल, आणि तिच्याकडं तर ती कुणाची हे सांगणारा धड एक कागद नाही.

नंबर मी खाली मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. नमाजच्या वेळा सोडून करा. आधी माझं नाव काढू नका. पुरुष माणसानं करा, आपल्या भाषेत बोला, म्हसळ्याकडचं बोलता आलं तर उत्तम. म्हणा, मी हम्मादच्या कॅम्पातून बोलतो. मग सांगा की ते पाणी भरायचं वाक्य हम्मादचं नव्हतं, उझमाचं होतं, हम्मादपर्यंत तुझा निरोप पोचलाच नाही. तो शिव्या देईल. देऊ द्या, त्या माझ्या आहेत, तुम्ही नुसत्या ऐका. शिव्या संपल्या की तो विचारेल, ती आहे कुठं? तेव्हा दम्मामचा पत्ता सांगा.

हे वाचून कुणाला द्यायला, विचारायला जाऊ नका. खाली नंबर आहे. माझ्या भावाला फोन करा.